यंदा काही खरं न्हाई

आता माझी शाळा भंडारदऱ्याच्या बाजूला आहे. इथे ओल म्हणजे भिंतीला येते ती. चादरी वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, वह्या फुगतात आणि लोक ‘ओल’ हा शब्द नाक मुरडून उच्चारतात. तो ऐकला की मला हमखास भानुदासतात्या आठवतात. त्यांचं गाव कर्जत तालुक्यात, काळ्या रानांच्या मुलखात. तिथे हाच शब्द लोक इतक्या आदराने उच्चारायचे, की आमच्या केडगावात तेवढ्या आदराने फक्त ‘पेन्शन’ म्हटलं जातं.

आमचं घर मास्तरांचं. आजोबा मास्तर, वडील हेडमास्तर आणि मी मराठी शिकवणारी. शब्दकोशात जो अर्थ दिलेला असतो तोच अर्थ मनात धरून माणसं बोलतात, अशी आमच्या घराण्याची भाबडी समजूत. माझी त्या गावच्या शाळेवर बदली झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात तात्यांनी ही समजूत पार मोडीत काढली.

मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. त्यांचं रान शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. एका सकाळी शाळेत जाता जाता पाहिलं तर ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं दुधात आलेली आणि बांधावर तात्या उभे. उंच, शिडशिडीत, डोक्यावर टोपी, मिशा पांढऱ्या आणि डोळे कायम हसण्याच्या बेतात. मला खरोखर आनंद झाला म्हणून मी मोकळेपणाने म्हटलं, की तात्या, ज्वारी काय सुरेख आलीय हो तुमची. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग वहाणांकडे पाहिलं आणि म्हणाले, “यंदा काही खरं न्हाई बाई.”

शाळेत दिवसभर मला चैन पडेना. वरून हिरवंगार दिसणारं पीक आतून काहीतरी रोगाने पोखरलं असणार आणि आपण त्या बिचाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळलं, असं वाटत राहिलं. संध्याकाळी त्यांच्या मंडळी, हौसाकाकी, दारात आल्या. हातात खरोखरचं मीठ होतं आणि सोबत लाल मिरच्या. मला वाटलं उसनं आणलेलं परत करायला आल्या. पण त्या बसायला तयार नव्हत्या. रानाची दृष्ट काढायला निघाले आहे आणि तुम्हीही चला, असं म्हणाल्या. मी कशाला, असं विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, “नजर तुमचीच हाय न्हवं.”

गेले मुकाट्याने. माझ्याच नजरेची दृष्ट माझ्याच देखत निघाली. परत येताना काकींनी मला ती भाषा शिकवली. “तात्या ‘काही खरं न्हाई’ म्हनले की समजायचं, घर भरंल. ‘बरं हाय’ म्हनले की निम्मंशिम्मं. आन् ‘लई झ्याक हाय’ म्हनले, तर बाई, पेरलेलं बी बी निघालं न्हाई.” एवढं सांगून त्या इतक्या गोड हसल्या, की मला त्यांच्या नवऱ्याचा राग धरणं अशक्य झालं.

खरं सांगायचं तर असं बोलणारे गावात सगळेच होते. पण बाकीच्यांच्या तोंडी ती सवय होती, तात्यांच्या तोंडी ते व्रत होतं. मोडलं म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. गावात मोबाईलवर शेतकऱ्यांचा ग्रुप झाला तेव्हा जो तो आपापल्या रानाचे फोटो टाकायला लागला. तात्यांना फोटो काढता यायला लागल्यावर ते अख्खी सकाळ रानात हिंडले आणि काणी पडलेलं, म्हणजे दाण्याऐवजी काळी भुकटी भरलेलं, एक कणीस शोधून त्याचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. साऱ्या रानात तसं एकच कणीस होतं. फोटो पाहून पारावर बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. तात्यांची ज्वारी यंदा जोरात आहे, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं.

दुसऱ्याच्या पिकाचं कौतुक मात्र ते तोंड भरून करत. सकाळी चहा झाला की गावच्या रानांतून एक फेरी असायची. “नामदेव, काय दाना भरलाय रं, मोती हायेत मोती,” असं तात्या लांबून ओरडायचे आणि नामदेवरावांचा जीव कासावीस व्हायचा. हे नामदेवराव त्यांच्या बांधाला बांध लागून असलेले शेजारी, वयाने लहान, कष्टाळू आणि तात्यांना मानणारे. पण तात्यांची टोपी दिसली की ते बांधाच्या आड खाली बसत. सापडलेच तर कळवळून म्हणायचे, की कसलं काय तात्या, नुसता कडबा होतोय. मग तात्या त्यांना पटवून द्यायचे की ज्वारी उत्तम आहे आणि नामदेवराव तात्यांना पटवून द्यायचे की ती गेल्यात जमा आहे. मराठीच्या तासाला मी वादविवाद स्पर्धा घ्यायची, पण इतकी निष्ठा मला तिथे कधी दिसली नाही.

एकदा वडील केडगावहून माझ्याकडे आले होते आणि तात्यांनी आम्हाला हुरड्याला बोलावलं. वडिलांनी सभ्यपणे पिकाची चौकशी केली. उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच. मी काही सांगायच्या आत वडिलांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि धीर धरण्याविषयी बोलायला सुरुवात केली. माणसाने खचून जाऊ नये, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, सरकारही काहीतरी करेलच. तात्या सगळं निमूट ऐकत होते आणि एका हाताने आगटीतून भाजलेली कणसं काढून, चोळून, वडिलांच्या पुढ्यात गरम हुरड्याचा ढीग लावत होते. काकी पदराआड तोंड लपवून दही वाढत होत्या. निघताना तात्यांनी रिक्षात गेल्या सालच्या ज्वारीचं एक भरलेलं पोतं आणून ठेवलं. वडील कळवळले. अहो, तुमचंच पीक गेलंय, हे कशाला, असं म्हणायला लागले. तात्या म्हणाले, “गेलंय तर गेलंय. तुमी न्या.” त्या ज्वारीच्या भाकरी आमच्या घरी बरेच दिवस झाल्या आणि दर भाकरीला वडिलांना अपराधी वाटत राहिलं. मी त्यांना खरा प्रकार पुष्कळ उशिरा सांगितला, हे मुद्दाम केलं असं आई अजून म्हणते.

एका बाबतीत मात्र तात्या सरळ बोलायचे आणि ती म्हणजे ओल. त्या भागात दसऱ्यानंतर पाऊस नाही. जमिनीने पोटात जे पाणी धरून ठेवलं असेल त्यावर ज्वारीने हिवाळा काढायचा. म्हणून पेरताना वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कसा होता, कोळपणी करून भेगा बुजवल्या की नाही, थंडीत ओल किती खाली गेली, हेच त्यांचं बोलणं. रानात बसून ते भेगेत हात घालायचे, मूठभर माती काढून दाबायचे आणि मधल्या सुट्टीत भिंतीवरून मला सांगायचे, की बाई, अजून हाताला गार लागतंय. ओल चांगली असली की चांगली आहे म्हणायचे, संपली असली की संपली म्हणायचे. मला याचं कोडं पडलं होतं. मी विचारलं, की तात्या, ओलीचं खरं सांगता आणि पिकाचं का नाही?

“ओल माझी हाय का?” ते म्हणाले. “ती देवानं दिल्याली. तिला नावं ठेवू व्हय? पीक माझ्या हातचं. आपल्या हातचं आपल्याच तोंडानं चांगलं कसं म्हनावं मानसानं?”

आमच्या शाळेत तर बढतीसाठी स्वतःविषयी काय काय लिहून द्यावं लागायचं, ते आठवून मला हसू आलं.

पुढे एका उन्हाळ्यात हौसाकाकी गेल्या. ताप आला, नगरला नेलं आणि परत आणलं ते तसंच. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. तात्यांची सकाळची फेरी बरेच दिवस बंद होती आणि नामदेवराव बांधावर उभे राहून त्यांची वाट बघायचे. काकींबरोबर घरातला दुभाषाही गेला, हे आमच्या कुणाच्या लक्षात यायला मात्र वेळ लागला.

तात्यांचा मुलगा दिलीप पिंपरीला कंपनीत आहे. लहानपणापासून होस्टेलवर राहिलेला आणि बापाचं बोलणं आईकडून समजून घेण्याची सवय झालेला. त्याची बायको मनीषा पुणतांब्याची. म्हणजे गोदावरीकाठची, पाटपाण्यावर वाढलेली. तिकडे पाणी पाटाने येतं आणि बोलणंही तसंच, सरळ आणि भरपूर. तिचा सासऱ्यावर जीव होता. दिलीपच्या पाळ्या असायच्या म्हणून दर रविवारी फोन तीच करायची आणि न चुकता विचारायची, की तात्या, पीक कसं आहे?

काकी गेल्यानंतर लागोपाठ दोन हंगाम कोरडे गेले. हस्ताचा पाऊस आलाच नाही, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तात्यांनी फोनवर सांगितलं, की लई झ्याक आहे. तिकडे पिंपरीला सगळे निर्धास्त. तिसऱ्या वर्षी पाऊस असा मोजून मापून पडला आणि थंडी अशी पडली, की गावातल्या म्हाताऱ्यांनाही तसलं साल आठवेना. संक्रांतीला तात्यांच्या ज्वारीत हत्ती लपला असता. रविवारी फोन आला आणि तात्या म्हणाले, यंदा काही खरं न्हाई. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तर ते म्हणे दोनदा म्हणाले.

मनीषा घाबरली. एकटा म्हातारा माणूस, पीक हातचं गेलेलं, रोज उन्हात राबतो, कुठे पडला झडला तर बघायला कुणी नाही. नवरा-बायकोने बसून ठरवलं, की पाडव्यापासून रान नामदेवरावांना वाट्याने करायला द्यायचं आणि तात्यांना पिंपरीला आणायचं. आमच्याकडे शेतीचे सगळे करार पाडव्याला बदलतात. नामदेवरावांना विचारलं, त्यांनी संकोचत हो म्हटलं. तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “बरं.”

‘बरं’चा अर्थ मला ठाऊक होता. निम्मंशिम्मं सुद्धा नव्हतं त्यात. भिंतीपलीकडून मी त्यांना म्हटलं, की मुलाला सरळ सांगा, पीक उत्तम आलंय आणि मला रान सोडायचं नाही. तात्या हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, की आपण तोंडाने मागावं आणि पोरांनी द्यावं, हे काही बरोबर दिसत नाही. मागे एकदा ते पिंपरीला जाऊन आले होते त्याची हकीकत त्यांनी सांगितली. चौथ्या मजल्यावर घर, सून खायला प्यायला जपते, नातू पाय चेपतो, टीव्ही मोठा. “समदं हाय,” ते म्हणाले. “गॅलरीत तुळशीची कुंडी हाय. तिच्यात बोट घालून बसायचो सकाळचा.” एवढ्यावर त्यांनी बोलणं बदललं.

फाल्गुन आला. ज्वारी उपटून झाली, बायकांनी कणसं खुडली, कडब्याच्या पेंढ्या बांधल्या गेल्या आणि घरोघरच्या खळ्यांवर कणसांचे ढीग पडले. मळणीला यंदा अस्लमचा हडंबा गावात आला होता. हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र, एका बाजूने कणसं घालायची, खाली दाणे आणि दुसरीकडे भुसा. अस्लम जामखेडकडचा, नवा, सज्जन पोरगा. पारावर बसून त्याने प्रत्येकाला विचारलं, की तुमचं किती आहे, म्हणजे मोठं खळं आधी उरकू. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, काहीतरी अंदाज सांगितला. तात्या म्हणाले, माझं काही खरं नाही, तू आधी ह्यांचं उरक. अस्लमने बिचाऱ्याने ते खरं धरलं आणि तात्यांचा नंबर सगळ्यांच्या मागे गेला. त्याला सांगावं असं दोघा-तिघांच्या मनात आलं. पण तात्यांच्या देखत तात्यांचं पीक चांगलं आहे म्हणायचं कुणी?

आणि तात्यांचा ढीग तर गावात सर्वांत मोठा. एवढ्या ढिगाला पुरेल अशी ताडपत्री आख्ख्या गावात नव्हती.

पाडवा दोन-चार दिवसांवर आला तेव्हा दिलीप आणि मनीषा तात्यांची आवराआवर करायला आले. तात्यांचे कपडे तिने पिशवीत भरले, काकींच्या फोटोला कागद गुंडाळला. दुपारी ती सासऱ्याचं गेलेलं पीक बघायला खळ्यावर गेली. परत आली ती थेट माझ्या दारात. ढिगापुढे उभी राहून तिला काही उमगेना झालं होतं.

“बाई, तात्या खोटं बोलतात का हो?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “खोटं नाही बोलत. आपलं चांगलं आपल्या तोंडाने सांगत नाहीत.”

“मग सांगायचं कुनी?”

“काकी सांगायच्या.”

तेवढ्यात वारं सुटलं. मावळतीकडून अवकाळीचं काळं आभाळ वर येत होतं आणि माझ्या अंगणातली वाळवणं उडायला लागली. मळायला राहिलेली कणसं भिजली तर दाणा काळा पडतो. मग त्या ज्वारीची ना भाकरी धड होते, ना तिला बाजारात कुणी हात लावतं. हे पुणतांब्याच्या मुलीलाही सांगावं लागत नाही. तिने ओढणी कमरेला बांधली आणि निघाली. मी वाळवणं टाकून तिच्या मागे.

हडंबा दुसऱ्या एकाच्या खळ्यावर चालू होता. मदतीला निम्मा गाव जमला होता, नामदेवराव होते आणि तात्याही तिथेच होते. आपलं खळं उघडं टाकून दुसऱ्याची पाटी उचलत होते. मनीषाने चपला बाहेर काढल्या, यंत्राजवळ गेली आणि त्या घरघराटाच्या वर आवाज काढून म्हणाली, “अस्लमभाऊ, आमच्या तात्यांची जवारी साऱ्या गावात एक नंबर आलीय. पाऊस यायच्या आत ती मळली पायजे.”

अस्लमने यंत्र बंद केलं. ते बंद झाल्यावर जी शांतता पसरली तशी मी परीक्षेच्या हॉलमध्येही अनुभवली नाही. सगळे तात्यांकडे बघत होते. तात्या हातातल्या पाटीकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. एखाद्याचं धोतर भर बाजारात सुटावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी ज्याचं खळं होतं तोच म्हणाला, की माझं एवढंसं राहिलंय, ते ताडपत्रीखाली मावतं, तू तात्यांकडे जा. नामदेवरावांनी हडंबा ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हात घातला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

तात्यांच्या खळ्यावर त्या दिवशी जे झालं त्याला काम म्हणायचं की लग्न, मला सांगता येणार नाही. कोण कणसं भरतंय, कोण ओततंय, कोण भुसा ओढतंय. दिलीपचा कंपनीतला शर्ट भुशाने पिवळा झाला. मी सुद्धा पाट्या उचलल्या आणि पुढचे चार दिवस अंग खाजवत शिकवलं. खाली दाणे पडत होते ते पांढरेशुभ्र, टपोरे, काळा डाग औषधालाही नव्हता. मनीषा पोत्यांची तोंडं शिवत होती आणि तात्या तिच्याकडे पाठ करून पोती भरत होते. शेवटचं पोतं पडवीत गेलं आणि थेंब आले. भिजला तो भुसा आणि आम्ही.

तात्या संध्याकाळभर सुनेशी बोलले नाहीत. दिवे लागल्यावर स्वयंपाकघरात शिरून डबे वाजवायला लागले. मीठ सापडलं, मिरच्या सापडेनात. त्या तिनेच काढून दिल्या. पडवीतल्या पोत्यांवरून त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, पुन्हा डब्यात हात घातला, दुसरी मूठ भरली आणि मनीषाला समोर उभं करून तिच्यावरूनही उतरवली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांनाच लागला, त्यामुळे डोळे कशाने पाणावले याची चौकशी करायचं कारण उरलं नाही.

पण ठरलेलं ते ठरलेलं होतं. पिशवी भरलेली होती. पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभी राहिली आणि नामदेवराव धुतलेले कपडे घालून, हातात कराराचा नारळ घेऊन आले. मलाही चहाला बोलावलं होतं. ओट्यावर सतरंजी घातली होती. तात्या भिंतीला टेकून, नवी टोपी घालून बसले होते आणि त्यांचा चेहरा कुणी बघू नये असा झाला होता. दिलीप घसा खाकरत होता. त्याला सुरुवात जमत नव्हती. मनीषा कपबशा मांडत होती.

आमच्याकडे मुद्द्याचं बोलायच्या आधी पिकाचं विचारायचं असतं. त्या रीतीला धरून नामदेवरावांनी नारळ मांडीवर घेतला आणि जशी काही सारी पोती त्यांनी स्वतः वाहिलीच नव्हती अशा आवाजात विचारलं, “मग, कसं काय उतरलं?”

दिलीपने बापाकडे पाहिलं. तात्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मनीषा बोलली. मान खाली, आवाज बारीक, शब्द जडशीळ. पुणतांब्याचं पाटपाणी त्या आवाजात औषधाला नव्हतं.

“कसलं काय नामदेवदादा. घरच्यापुरतं झालं म्हनायचं. आता तात्यान्लाच पुढच्या साली परत एकदा बगावं लागंल.”

दिलीप अजून गोंधळलेलाच होता, त्याच्या पडवीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. नामदेवराव मात्र त्याच मातीतले. त्यांनी एकदा मनीषाकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे पाहिलं. मग मांडीवरचा नारळ उचलून गुढीपाशी नेऊन ठेवला, परत येऊन बसले आणि चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, “व्हय. बगावंच लागंल.”

तात्या उठले. घरात गेले आणि भरलेली पिशवी घेऊन बाहेर आले. तिथेच सगळ्यांच्या पुढ्यात ती त्यांनी उपडी केली. धुतलेल्या, घडी घातलेल्या कपड्यांतून खालची कामाची जुनी बंडी ओढून काढली, सणाचा सदरा उतरवून ती अंगात घातली आणि पाडव्याचा मुहूर्त आहे, नांगराची एक तरी रेघ ओढली पाहिजे, असं काहीसं पुटपुटत ओटा उतरले. मनीषाने हाक मारून पुरण शिजलंय, जेवून जा, असं सांगितलं. “आलोच,” असं म्हणून ते शाळेच्या भिंतीकडे वळले.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली, पण माझ्या डोळ्यांपुढे तात्या उभे राहतात ते त्या सकाळचे. मागे वळून न बघता, वहाणा घालायचं विसरून, लांब लांब टांगा टाकत निघालेले. संध्याकाळपर्यंत काही ते जेवायला आले नाहीत आणि त्यांना बोलवायला कुणी गेलंही नाही.